मित्रांना घरी जेवायला बोलवताना रोजचाच स्वयंपाक का करू नये?

मुलुंडकरीण (धागाकर्ती)

माटुंग्याला एकत्र शिकलेले आम्ही आठ जण आता विरारपासून बेलापूरपर्यंत पांगलो आहोत. महिन्यातून एका शनिवारी कोणा एकाच्या घरी जेवायला जमायचे, असे तीन वर्षांपूर्वी ठरले आणि पहिली पाळी माझ्याकडे आली. मी दोन दिवस आधीपासून तयारीला लागले. मसालेभात, भरली वांगी, पनीरची भाजी, कोथिंबीर वडी, पुऱ्या, श्रीखंड असा बेत होता. मंडळी आली तेव्हा मी तळणीपाशी होते, ती जेवत होती तेव्हा मी पुऱ्या लाटत होते आणि परतीची गाडी गाठण्यासाठी ती उठली तेव्हा कुठे मी स्वतःचे ताट वाढून घेतले. सर्वांनी मनापासून कौतुक केले. पुढची पाळी ज्या मैत्रिणीची होती तिने मात्र महिनाभराची मुदत मागितली, मग दिवाळी आली, मग मुलांच्या परीक्षा आल्या, आणि पाच महिने कोणीच कोणाला बोलावले नाही. तिने पुढे मला सांगितले की माझ्याकडचे ताट पाहून ‘आपल्याला एवढे जमायचे नाही’ असे तिच्या मनाने घेतले होते. हे ऐकून मला फार वाईट वाटले, कारण माझ्या हौसेपायी आमचे भेटणेच थांबले होते.

शेवटी तिने बोलावले तेव्हा वरण-भात, बटाट्याच्या काचऱ्या, काकडीची कोशिंबीर आणि भाजलेले पापड एवढेच होते. कोशिंबिरीची काकडी आम्हीच चोचवली, पापड ज्याचे त्याने भाजून घेतले आणि ती आमच्याबरोबर पहिल्या घासापासून जेवायला बसली. त्या रात्री झाल्या तशा गप्पा माझ्याकडच्या मेजवानीत झाल्या नव्हत्या. तेव्हापासून आमचा नियम असा आहे की त्या घरात एरवी मंगळवारी किंवा बुधवारी जे शिजते तेच शनिवारी शिजवायचे, फक्त अंदाज वाढवायचा.

माझ्या घरचा असा पदार्थ म्हणजे कडव्या वालांचे बिरडे, आणि त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण हा पदार्थ जणू चार माणसांनी मिळून करण्यासाठीच आहे. शुक्रवारी सकाळी वाल भिजत घालते, रात्री उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधून ठेवते. आपल्या दमट हवेत शनिवारी संध्याकाळपर्यंत चांगले मोड येतात. डिसेंबर-जानेवारीत मात्र अर्धा दिवस जास्त धरावा लागतो. मग कोमट पाण्यात टाकले की साले सैल होतात आणि दाणा चिमटीत धरून दाबला की बाहेर येतो. आठ जणांना अर्धा किलो कोरडे वाल पुरतात, पण अर्धा किलो वाल एकटीने सोलायचे म्हणजे तास-सव्वा तास पाठ धरते. तेच काम परातीभोवती पाच जण बसले तर वीस मिनिटांत उरकते, आणि हात गुंतलेले असल्यामुळे कोणी फोन हाती घेत नाही. आमच्या सगळ्या महत्त्वाच्या गोष्टी, कोणाची नोकरी सुटल्याची, कोणाच्या वडिलांच्या आजारपणाची, या परातीभोवतीच बोलल्या गेल्या आहेत.

फोडणीत मोहरी, हिंग, हळद आणि लसूण, त्यावर वाल, बेताचे पाणी, आणि मंद आचेवर झाकण ठेवून शिजवणे. आमसुले दाणा पूर्ण मऊ झाल्यावरच घालावीत. आंबटाने कडधान्य शिजायचे थांबते, आणि आधी घातलेल्या आमसुलांमुळे टणक राहिलेले वाल मग कितीही उकळले तरी मऊ होत नाहीत. गूळही तेव्हाच. नारळाचे दाट दूध अगदी शेवटी, आणि त्यानंतर उकळी फुटू द्यायची नाही, नाहीतर ते फाटते.

मला इथल्या अनुभवी मंडळींकडून दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. आपल्या घरी मित्र येतात तेव्हा आपण रोजचे काय करता? आणि आमच्यात दोघे मासे खाणारे, एक जैन मैत्रीण, असे सगळे एकाच पंगतीला असतात, तेव्हा ताटांत फार भेद न करता कसे जमवता?

गिरगावातली

फार आपलेपणाने लिहिले आहे. आमच्या सासरी बिरड्याला लसूण चालत नाही, जिरे आणि ओले खोबरे वाटून लावतात, पण आमसुलांचा नियम हाच. एक भर घालते. वाल भिजवलेले पाणी टाकून द्यावे आणि मोड आणताना फडके एकदा तरी स्वच्छ पाण्याने भिजवून पुन्हा पिळून बांधावे, नाहीतर उन्हाळ्यात वालांना बुळबुळीतपणा येऊन वास लागतो. सोललेल्या डाळिंब्या ढवळताना डाव वापरू नये, टोप दोन्ही हातांनी धरून हलवावा. पाहुण्यांनी एवढ्या मेहनतीने अख्ख्या सोललेल्या डाळिंब्या शेवटी मोडल्या तर जीव हळहळतो.

परळचा जुना

धागाकर्तीताई, आपले म्हणणे मला पूर्णपणे पटलेले नाही, म्हणून थोडे मोठे उत्तर लिहितो.

माझे बालपण ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीत गेले. खोली १६० चौरस फुटांची, आणि शेजारच्या खोलीत आमच्याच तालुक्यातले गिरणी कामगार एकत्र राहत असत. पाळ्या निरनिराळ्या असल्यामुळे अर्धे कामावर आणि अर्धे झोपलेले असायचे. ही मंडळी एका खानावळवाल्या बाईंकडे महिन्याचे पैसे भरून जेवत. गिरणगावात अशा शेकडो बायका होत्या, ज्यांनी आपल्या छोट्या खोलीत दहा-पंधरा परक्या पुरुषांचा स्वयंपाक करून घर चालवले, आणि १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते याच बायकांसाठी. रोज तेच जेवण असे. भाकरी किंवा चपाती, एक कालवण, डाळ, भात. रोजच्या जेवणाची किंमत मला कळते, ती कळण्यासाठी मला कोणी धागा वाचून दाखवायला नको.

परंतु रविवारी ही मंडळी आमच्या वडिलांना आणि मला आपल्या खोलीत जेवायला बोलवत, तेव्हा ती जोडीला काहीतरी जास्तीचे करतच. कधी सुक्या जवळ्याची चटणी, कधी गावाहून आलेल्या तांदळाच्या शेवया नारळाच्या रसात, कधी नुसतीच बाजारातून आणलेली जिलबी. ज्यांच्याजवळ फार थोडे होते, त्यांनी आमच्यासाठी त्यातले काही बाजूला काढले होते, आणि लहानपणी मला ते जाणवत असे. तुम्ही आलात म्हणून हे केले, असे सांगणारा एक तरी पदार्थ पानात हवा. पूर्ण स्वयंपाक रोजचाच ठेवला तर करणाऱ्याची सोय होते हे मान्य, पण येणाऱ्याला आपण आल्याने या घरात आज काही वेगळे घडले आहे, असेही वाटले पाहिजे.

मुलुंडकरीण (धागाकर्ती)

परळकर काका, आपण लिहिलेले दोनदा वाचले. माझा आक्षेप जास्तीच्या पदार्थाला नाही. त्या पदार्थापायी यजमान जेवणाबाहेर राहतो, याला आहे. शेवया आधी करून ठेवता येतात आणि जिलबी आणता येते, म्हणजे ती मंडळी आपल्याबरोबरच जेवायला बसत असणार. तरीही आपला मुद्दा मी मनात ठेवते.

वेसाव्याचा

माशांविषयी लिहितो, कारण पाहुणे म्हटले की लोक पापलेट आणि सुरमईच्या मागे लागतात आणि मग महागाईची तक्रार करतात. आमच्या कोळीवाड्यात घरच्या माणसांसाठी जे शिजते ते बहुतेक बोंबील, मांदेली, बांगडा आणि कोळंबी. मित्रांसाठीही हेच करावे, त्यांना ते जास्त आवडते, कारण हॉटेलात त्यांनी मोठे मासे पुष्कळ खाल्लेले असतात.

ओला बोंबील म्हणजे जवळजवळ सगळे पाणीच. तो घाईने तळायला घेतला तर तव्यावर फुटतो, तेल उडते आणि हाती लगदा राहतो. म्हणून साफ करून, पोटाकडून चिरून, मीठ लावून दोन पाटांमध्ये किंवा दोन ताटांमध्ये ठेवावा आणि वर पाण्याने भरलेला टोप किंवा पाटा ठेवावा. अर्ध्या-पाऊण तासात किती पाणी निघते ते पाहून नवख्या माणसाला आश्चर्य वाटते. नंतर हळद, कोळी मसाला आणि आगळ लावून, तांदळाचे पीठ व थोडा रवा यांत घोळवून तव्यावर बेताच्या तेलात भाजावा. हे दाबून ठेवण्याचे काम मंडळी येण्यापूर्वी होते, आणि तव्यावर टाकण्याचे काम मी नेहमी पाहुण्यांपैकी एकाला देतो. मांदेली तर डोकी काढून धुऊन दिली की लहान मुलेही पिठात घोळवतात.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. १ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. तो बऱ्याच माशांचा अंडी घालण्याचा काळ आहे आणि समुद्रही खवळलेला असतो. त्या दोन महिन्यांत मोठ्या ताज्या माशांचा हट्ट धरू नये. उन्हाळ्यात वलांडीवर (बांबूंच्या मांडवावर) वाळवलेले सुके बोंबील, सुकट, जवळा हे त्या दिवसांचे आमचे खरे घरचे जेवण आहे. सुके बोंबील तव्यावर भाजून, तुकडे करून कोमट पाण्यात भिजवावेत आणि बटाटा-वांग्याबरोबर शिजवावेत. बाहेर पाऊस कोसळत असताना तांदळाच्या भाकरीबरोबर हे कालवण खाल्लेली माझी मित्रमंडळी आता जुलै महिन्याची वाट पाहतात.

घाटकोपर पूर्व

मी धागाकर्तीच्या गटातली नाही, पण तिच्या जैन मैत्रिणीच्या जागी मी अनेकदा बसलेली आहे, म्हणून माझी बाजू मांडते. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, ओले आले असे जमिनीखाली वाढणारे आम्हाला चालत नाही. लोक फार प्रेमाने माझ्यासाठी वेगळी छोटी कढई ठेवतात, आणि त्या प्रेमाची मला जाणीव आहे, पण सगळ्यांच्या पानात एक आणि माझ्या पानात दुसरे असले की जेवणभर माझ्याच खाण्याविषयी बोलणे होते. त्याऐवजी पंगतीतले दोन-तीन पदार्थ सर्वांसाठीच कांदा-लसणाविना करावेत. गोडे वरण, तुपाची जिऱ्याची फोडणी दिलेली दुधी किंवा पडवळ, काकडीची कोशिंबीर, ताकाची कढी (आल्याऐवजी मेथीदाणे आणि कढीपत्ता), कैरीची डाळ, यांत कोणाला काही कमी वाटत नाही. मोड आलेली कडधान्येही आमच्यातले अनेक जण टाळतात, तेव्हा बिरड्याच्या दिवशी आपल्या मैत्रिणीला आधी विचारून घ्यावे.

आणि वेळेचेही. माझ्या घरात सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. मुंबईत जूनमध्ये सव्वासातपर्यंत उजेड असतो, पण डिसेंबरात सहाच्या सुमारासच सूर्य मावळतो. माझ्या एका मराठी मैत्रिणीने यावर उपाय म्हणून हिवाळ्यातली सगळी जेवणे रविवारी दुपारची करून टाकली. तिने ते कधी माझ्यासाठी केले असे बोलून दाखवले नाही. मला ते दोन वर्षांनी लक्षात आले.

मुलुंडकरीण (धागाकर्ती)

आमची मैत्रीण बिरड्याच्या दिवशी नुसते वरण-भात घेते आणि ‘आज भूक नाही’ म्हणते. ही गोष्ट मी कधी विचारलीच नव्हती. आज फोन करते.

चौघे अंधेरीत

आम्ही चार मुले भाड्याच्या घरात राहतो. दोन शेगड्या, एक पाच लिटरचा कुकर, एक कढई आणि एक तवा एवढीच भांडी आहेत. तरीही महिन्यातून दोनदा आमच्याकडे सात-आठ जण जेवतात. आमचा ठरलेला बेत म्हणजे पिठले, भात, ठेचा आणि हाताने फोडलेला कांदा. भाकऱ्या आम्हाला जमत नाहीत, त्या खालच्या गल्लीतल्या काकूंकडून करून घेतो.

पिठल्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून एक वाटी बेसन आधी तीन वाट्या गार पाण्यात हाताने कालवून घेतो आणि फोडणीला उकळलेल्या पाण्यात ते धारेने सोडतो. कोरडे बेसन उकळत्या पाण्यात भुरभुरवायचे झुणक्याचे तंत्र सवयीच्या हातांचे आहे, नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये. शिजल्यावर झाकण ठेवून मंद आचेवर पाच-सात मिनिटे वाफ द्यायची, कारण कच्च्या बेसनाने पोट दुखते. भातासाठी माणशी अर्धी वाटी तांदूळ घेतो. हा अंदाज आमच्या वयाच्या मुलांचा आहे, इतरांनी कमी धरावा.

परळकर काकांना सांगावेसे वाटते की आमच्याकडचा ‘एक खास पदार्थ’ येणारे आणतात. ज्याची आई आलेली असेल तो लाडू आणतो, कोणी लालबागहून चिवडा आणतो. आमच्या घरात काही वेगळे घडते ते असे.

परळचा जुना

हे मला आवडले. लालबागला जाल तेव्हा चिवड्याबरोबर मसाला गल्लीतही डोकवा. मार्च ते मे या काळात तिथे मिरच्या निवडून, भाजून, समोर कांडून मिळतात. रंगासाठी बेडगी आणि तिखटपणासाठी लवंगी किंवा संकेश्वरी, असे मिश्रण सांगावे. वर्षभराचा मसाला चौघांत वाटून घेतलात तर खर्चही परवडेल.

शीवची प्रयोगशाळा

अनेक वर्षे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले आहे, म्हणून एका बाबीकडे लक्ष वेधते. पाहुणे आले की भात हमखास जास्त होतो, कुकर तसाच ओट्यावर राहतो, गप्पा मध्यरात्रीपर्यंत चालतात आणि सकाळी त्याच भाताला फोडणी दिली जाते. कच्च्या तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, आणि ते शिजवण्याच्या उष्णतेतही टिकून राहतात. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला तर ते वाढतात आणि त्यांतले काही असे विष तयार करतात की जे पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. म्हणून ‘चांगला वाफवून घेतला होता’ हे समाधान पुरेसे नाही. उरलेला भात परातीत पसरून लवकर निववावा आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा. पातेले भरून गरम भात फ्रिजमध्ये ठेवल्यास मधला भाग बराच वेळ कोमट राहतो, तेव्हा उथळ डबे वापरावेत. नारळाचे दूध घातलेले बिरडे आणि कोळंबीचे पदार्थ यांनाही दोन तासांची हीच मर्यादा पाळावी. आपल्याकडच्या मे महिन्यात मी ती एका तासावर आणते.

कांजूरचा

भांड्यांविषयी कोणीच लिहिलेले नाही. आमच्या इमारतीत पाणी सकाळी ठरावीक वेळीच येते आणि रात्री बारा ताटांची रास पडली की टाकीतले पाणी जपून वापरावे लागते. आम्ही निघण्यापूर्वी सर्वांची ताटे कागदाने पुसून एकात एक रचून ठेवतो आणि कुकर, कढई यांत पाणी घालून ठेवतो. दहा मिनिटांचे काम आहे, पण यजमानाची सकाळ त्यावर अवलंबून असते. हे काम पाहुण्यांनी करावे, यजमानाने ‘राहू दे’ म्हटले तरीही.

मुलुंडकरीण (धागाकर्ती)

सर्वांची मनापासून आभारी आहे. मधल्या दोन शनिवारांत जे झाले ते लिहिते.

मैत्रिणीला फोन केला. मोडाचे ती खात नाही हे खरे निघाले, आणि तीन वर्षे तिने ते आम्हाला कळू दिले नव्हते. गेल्या खेपेस म्हणून दुपारी जमलो. वरण, भात, तुपाच्या फोडणीची दुधी, कैरीची डाळ, कढी असे सगळे घाटकोपरच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे सर्वांसाठीच केले. हरभऱ्याची डाळ भिजवून वाटायची आणि कैरी किसायची होती. ती कामे आलेल्यांनी केली. मासे खाणाऱ्या दोघांनी दोनदा डाळ मागून घेतली. तिने पहिल्यांदाच पोटभर जेवून पुन्हा भात घेतला, आणि तिने तो मागितला तेव्हा वाढायला मी तिच्या शेजारीच बसले होते.

परळकर काका, आपल्या सांगण्यावरून मी एक पदार्थ जास्तीचा केला. आदल्या रात्री तांदळाची खीर करून ठेवली होती, त्यामुळे ओट्यापाशी उभे राहावे लागले नाही. बारा वाट्या खीर संपली. उरलेला भात शीवच्या ताईंच्या धाकाने लगेच परातीत पसरला आणि ताटे कांजूरच्या दादांच्या पद्धतीने पुसून रचली.

येत्या शनिवारी पाळी विरारच्या मित्राची आहे. तो एकटा राहतो आणि आजवर ‘माझ्याकडे काय खाल’ म्हणून टाळत होता. या वेळी त्याने आपणहून कळवले आहे की मुगाची खिचडी, कढी आणि पापड असा बेत आहे, आणि खिचडीवर घालायला ओले खोबरे हवे असेल तर नारळ आणून ठेवतो, पण खोवणी नाही. ती मी इथून नेणार आहे.